हात, नेम आणि नळी
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झाले, सहकार झाला, पाणीप्रश्न तर एकाहून जास्त वेळा झाला. त्यामुळे मी माझा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. 'महाकाय यंत्रमानवांच्या व्हिडिओ गेममध्ये नेम कसा असावा' हे पत्रिकेत छापायला त्यांची ना नव्हती. नेहमी पहिल्या रांगेत बसणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना काय सांगायचे, एवढीच अडचण होती. मी म्हटले, सांगा की व्याख्यान लेथबद्दल आहे.

ते अगदीच खोटे नव्हते. ज्या सरांच्या नावाने आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदा लेथला हात लावला. क्रॉस-स्लाइडचे हँडल फिरवले, तर टूल जागचे हलेना. आणखी थोडे फिरवल्यावर हलले, आणि हवे त्यापेक्षा जास्त हलले. घाबरून मी हँडल उलटे फिरवले. पुन्हा तेच, आधी काही नाही आणि मग एकदम. सर मागे उभे होते. म्हणाले, "स्क्रू आणि नट यांच्यात जागा असते. बॅकलॅश. ती कायमची जाणार नाही. तू नेहमी एकाच बाजूने टूल आणत जा, म्हणजे ती किती आहे ते हाताला कळेल."

हँडल आणि टूल यांच्यामधल्या त्या जागेबद्दल मी आज बोलणार आहे. माझे म्हणणे असे, की अवाढव्य यंत्रमानवांच्या खेळात ही जागा म्हणजेच खेळ. ती बुजवली की यंत्रमानव नाहीसा होतो.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांना मेका म्हणतात. दहा-पंधरा मीटर उंचीचा, दोन पायांवर चालणारा, हातांत आणि खांद्यांवर तोफा घेतलेला यंत्रदेह. आत एक माणूस. कल्पना जपानी कॉमिक्स आणि ॲनिमेशनमधून आली, अमेरिकेत तिला वेगळे वळण मिळाले. खेळणारा त्या आतल्या माणसाच्या जागी असतो.

आता आपली मुले मोबाइलवर खेळतात तो साधा बंदुकीचा खेळ आठवा. पडद्याच्या मधोमध क्रॉसहेअर असतो. अंगठा सरकवला की नजर सरकते, नजरेबरोबर बंदूक, आणि जिथे क्रॉसहेअर तिथे गोळी. माणसाच्या हातातल्या चार किलोच्या रायफलीला हे बऱ्यापैकी शोभते. अडचण अशी, की तीच यंत्रणा उचलून शंभर टनांच्या यंत्रावर बसवली जाते. पडद्यावर पोलादी राक्षस दिसतो, पावले धडाम धडाम वाजतात, आणि त्याची तोफ मात्र माझ्या मनगटाइतक्या चपळाईने वळते. 2014 साली आलेल्या 'टायटनफॉल'ची गंमत सांगतो. त्यात छोट्या माणसाच्या हातात एक 'स्मार्ट पिस्तूल' असते, ते शत्रूला आपोआप हेरून लॉक करते. तोच माणूस टायटनच्या पोटात जाऊन बसला, की त्या महायंत्राच्या तोफेचा नेम मात्र हाताने धरायचा. पिस्तुलाला संगणक आहे, राक्षसाच्या तोफेला नाही! खेळ म्हणून 'टायटनफॉल' झकास आहे, मी रात्री जागून खेळलो आहे. पण त्यातला टायटन म्हणजे जाड कोट घातलेला माणूसच.

खरा राक्षस पाहायचा असेल तर आपल्याकडे रस्तारुंदीकरण चालू असते तिथे जाऊन उभे राहा. पोकलेन हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव, आपण त्याचे सामान्यनाम करून टाकले. खाली पट्ट्यांवर चालणारा भाग, वर गोल फिरणारी केबिन आणि तिला जोडलेला हात. वरचा भाग खालच्यापासून स्वतंत्र फिरतो. ऑपरेटर केबिन पूर्ण उलटी फिरवून बसला, की 'पुढे' म्हणून दाबलेला पट्ट्यांचा लिव्हर यंत्राला त्याच्या पाठीकडे नेतो. नवखा ऑपरेटर इथे एकदा तरी गडबडतो. जुना ऑपरेटर पाय कुठे तोंड करून आहेत हे न बघता जाणून असतो.

आणखी एक गोष्ट बघा. ऑपरेटरच्या दोन्ही हातांतले लिव्हर बकेटला 'कुठे जायचे' ते सांगत नाहीत, 'किती वेगाने जायचे' ते सांगतात. लिव्हर कलवला की हात चालू लागतो, मध्ये आणला की थांबतो, आणि थांबता थांबता थोडा झुलतो. तो झोल आधीच हिशेबात धरून मुरलेला ऑपरेटर लिव्हर अंमळ लवकर सोडतो. सर ज्याला बॅकलॅश म्हणत, त्याचा हा थोरला भाऊ.

'मेकवॉरियर' या मालिकेने हे सर्वांत आधी आणि सर्वांत प्रामाणिकपणे ओळखले. पहिला खेळ 1989 चा, गाजलेला दुसरा 1995 चा. त्यात पाय एकीकडे चालतात आणि कमरेवरचे धड दुसरीकडे वळते. धड एका मर्यादेपर्यंतच वळते. पुढे वळायचे तर पाय फिरवावे लागतात, आणि पाय सावकाश फिरतात. 2013 च्या 'मेकवॉरियर ऑनलाइन'मध्ये तर दोन नेमचिन्हे आहेत. धडाला जोडलेल्या शस्त्रांचे एक, हातांतल्या शस्त्रांचे दुसरे. हात चपळ, म्हणून त्यांचे चिन्ह आधी शत्रूवर पोचते. धडाचे मागून येते. ज्या यंत्राच्या हाताला कोपराखालचा सांधाच नाही, त्याचा हात आडवा हलतच नाही. म्हणजे नेमाची चपळाई ही शरीररचनेची बाब झाली. मला हे फार आवडते.

पण याच मालिकेच्या पायात एक जुना काटा रुतलेला होता, आणि त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

हे सगळे मुळात फाशांच्या खेळातून आले. शिकागोच्या फासा या प्रकाशनाने 1984 साली टेबलावर खेळायचा 'बॅटलड्रॉइड्स' काढला. 'ड्रॉइड' शब्दावर 'स्टार वॉर्स'वाल्यांचा हक्क असल्याने पुढच्या वर्षी त्याचे नाव 'बॅटलटेक' झाले. या खेळात गोळी लागते की नाही हे दोन फासे ठरवतात. शत्रू किती लांब, तो किती पळाला, तुम्ही चालत होता की उडी मारत होता, हे सगळे हिशेबात धरून. लागली, तर कुठे लागली हे ठरवायला पुन्हा दोन फासे. सात पडले तर छातीवर, बारा पडले तर डोक्यावर. दोन फाशांवर बारा पडण्याची शक्यता छत्तीसात एक. डोक्यावरचे चिलखत जास्तीत जास्त 9 गुणांचे आणि खालचा सांगाडा 3 गुणांचा. सगळ्यात जड ऑटोकॅननचा घाव 20 गुणांचा. म्हणजे डोक्यावर एकच बसला की खेळ संपला, पण तो बसायला नशीब लागायचे.

मुख्य म्हणजे प्रत्येक शस्त्राचे फासे वेगळे टाकायचे. चार लेझर एकदम सोडले तर एक दंडावर, एक मांडीवर, एक छातीवर आणि एक हवेत. चिलखताचे सगळे आकडे हे गृहीत धरूनच बसवलेले.

मग हा खेळ संगणकावर आला आणि फाशांच्या जागी माउस आला. खेळणाऱ्याने क्रॉसहेअर शत्रूच्या छातीवर ठेवला, चारही लेझर एका बटणावर बांधले आणि दाबले. चारही एकाच बिंदूवर. विखुरणे संपले. ज्या चिलखताने दहा हल्ले सोसायचे ते दोन-तीनमध्ये फुटू लागले. 'मेकवॉरियर ऑनलाइन'च्या कर्त्यांनी चिलखताचे आकडे टेबलावरच्यापेक्षा दुप्पट केले. तेही पुरेना. तेव्हा त्यांनी 2013 मध्ये एक नियम आणला: एकाच जातीची ठरावीक संख्येपेक्षा जास्त शस्त्रे अर्ध्या सेकंदाच्या आत झाडली, तर यंत्र जादा तापणार. खेळाडूंनी त्याला नाव ठेवले 'घोस्ट हीट', भुताटकीची उष्णता. नाव बरोबर बसले, कारण ही उष्णता पदार्थविज्ञानातून आलेली नव्हती, हिशेब जुळवायला आणलेली होती. अर्ध्या सेकंदाच्या आत का आणि नंतर का नाही, याला यंत्राच्या पोटात कारण सापडत नाही. एक बटण जरा थांबून दाबले की भूत पसार. नेमातली चूक उष्णतेत दुरुस्त करायला गेले की असे होते.

त्याच खेळात त्याच प्रश्नाचे एक सुंदर उत्तरही आहे. तिथला लेझर क्षणात लागत नाही. त्याचा झोत सेकंदाच्या आसपास जळत राहतो आणि घाव त्या सबंध काळात विभागून बसतो. पूर्ण फायदा हवा तर तेवढा वेळ नेम त्याच जागी धरून ठेवा. इकडे शत्रू स्वस्थ बसत नाही. झोत अंगावर पडताच तो धड वळवतो आणि छातीऐवजी खांदा पुढे करतो. तुमचा झोत छातीवरून दंडावर, दंडावरून पाठीवर ओघळतो. विखुरणे परत आले, फाशांवाचून, आणि या वेळी ते दोन माणसांच्या कौशल्यातून आले. शिवाय तुम्ही झोत धरून आहात तोवर तुमची स्वतःची छातीही त्याच्यासमोर उघडी आहे. मला विचाराल तर गेल्या तीसेक वर्षांतला या प्रकारातला सर्वांत हुशार नियम हाच, आणि त्याबद्दल कुणी फार बोलत नाही.

आता जपानकडे. 1997 साली फ्रॉमसॉफ्टवेअरने प्लेस्टेशनवर 'आर्मर्ड कोअर' आणला. त्यातली यंत्रे रेखाटली शोजी कावामोरी यांनी. त्या खेळात अंगठ्याच्या काड्या वापरायच्याच नव्हत्या. चालणे-वळणे डाव्या हाताच्या चार बाणांवर, बाजूला सरकणे आणि वर-खाली पाहणे कंट्रोलरच्या माथ्यावरच्या बटणांवर. असल्या सामग्रीवर बारीक नेम धरणे शक्यच नव्हते. मग त्यांनी नेम यंत्राकडे दिला. पडद्यावर एक चौकट असते. शत्रू तिच्या आत आला की यंत्राचे हात आपसूक त्याचा माग धरतात. तुमचे काम एवढेच, की त्याला चौकटीबाहेर निसटू द्यायचे नाही.

आणि ही चौकट विकत घ्यायची असते! यंत्राचे पाय, हात, डोके जसे दुकानातून निवडायचे, तशीच नेम साधणारी संगणकपेटीही निवडायची. एकीची चौकट रुंद पण पल्ला तोकडा, दुसरीची अरुंद पण लांबवर पोचणारी. कुणाची उभट, कुणाची आडवी. जवळून भिडणाऱ्याने रुंद घ्यावी, दुरून मारणाऱ्याने अरुंद. गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर विचारावा तसा हा व्यवहार. वर बघण्याचे बटण मंद असल्यामुळे मुरलेले खेळाडू उडून शत्रूच्या नेमक्या डोक्यावर जात, तिथे त्याची चौकट पोचायची नाही. मर्यादेतून डावपेच जन्माला आला. याच मालिकेतल्या 2004 च्या 'नेक्सस'मध्ये उजवी काडी आली, मान वळवणे सोपे झाले आणि आकाशातला तो जुना लपंडाव बराचसा ओसरला. तक्रार करणाऱ्यांत मीही होतो, आजही आहे.

या मालिकेतला सहाव्या क्रमांकाचा खेळ ऑगस्ट 2023 मध्ये आला. त्यात जुनी चौकट उरलेली नाही. पेटीला आता तीन आकडे आहेत: जवळ, मध्यम आणि दूर अंतरावर ती नेमाला किती हात देईल. बंदुकीचा धक्का साठत जातो आणि नेम फाकतो. हातांचे भाग कसे निवडले त्यावर तो किती सावरेल ते ठरते. हिशेब जास्त बारीक झाला आहे. पण चौकट डोळ्यांना दिसायची, आकडे गॅरेजमध्येच राहतात. लढाई ऐन रंगात असताना माझी पेटी मला साथ देते आहे की नाही, हे मला पडद्यावरून कळायला हवे, आणि तिथे हा खेळ मला कमी पडतो.

नेम यंत्राकडे देणे म्हणजे फसवणूक, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी दुसऱ्या महायुद्धात नेतो. विमानविरोधी तोफेपुढे प्रश्न असा: विमान ताशी 360 किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला 100 मीटर. गोळा 2 सेकंद हवेत असेल, तर विमानापुढे 200 मीटर रिकाम्या आकाशात तो टाकायचा. डोळ्यांनी हा अंदाज दरवेळी जमत नाही. ब्रिटिशांच्या केरिसन प्रेडिक्टर या यंत्राने कामाची वाटणी केली. माणसांनी दुर्बिणीत विमान धरून चाके फिरवत राहायचे, बस. पुढे किती टाकायचे ते गणित पेटीतली चक्रे करत, आणि 40 मिलिमीटरची बोफोर्स तोफ त्याप्रमाणे मोटारीने वळत असे. त्याच प्रश्नावर अमेरिकेत काम करता करता नॉर्बर्ट वीनर सायबरनेटिक्सच्या विचारापर्यंत पोचले; त्यांचे त्या नावाचे पुस्तक 1948 चे. तेव्हा माणसाने माग धरावा आणि यंत्राने गणित करावे ही वाटणी आळशी खेळाडूंच्या सोयीसाठी निघालेली नाही. मोठ्या तोफेचा खरा इतिहासच तो आहे.

आजच्या रणगाड्यांत तर आणखी गंमत. लेपर्ड 2 मध्ये तोफचीची दुर्बीण स्थिर राहते आणि तोफ तिच्या मागोमाग येते. नळी दुर्बिणीच्या रेषेत पुरेशी आली नसेल तर घोडा दाबूनही गोळा सुटत नाही. ती जुळली की सुटतो. दुर्बीण म्हणजे तोफचीचा हेतू, नळी म्हणजे यंत्राची ऐपत, आणि त्या दोहोंमध्ये क्षणभराचे अंतर.

बाकीच्या वाटा भराभर सांगतो. सेगाच्या 'व्हर्च्युअल ऑन'मध्ये दोन काड्या, आणि उडी मारली की यंत्र आपोआप शत्रूकडे तोंड करते. म्हणजे नेमासाठी उडी, अफलातून! 2002 च्या 'स्टील बटालियन'बरोबर सुमारे चाळीस बटणांचे आणि तीन पेडलांचे टेबलभर पॅनेल यायचे, आणि वेळेवर बाहेर उडी घेतली नाही तर तुमची साठवलेली प्रगतीच पुसली जायची. ते प्रेम समजते, पण घरात ठेवायचे कुठे? गंडमच्या आर्केडमधल्या 'व्हर्सस' मालिकेत लॉक लाल असेल तर गोळी शत्रूकडे थोडी वळते, हिरवा असेल तर सरळ जाते. आणि समोरच्याने नेमक्या क्षणी बाजूला पाऊल टाकले की तिचे वळणे तुटते. नेमाच्या नियमाइतकाच नेम तोडण्याचा नियम महत्त्वाचा असतो, हे तिथे शिकावे.

मग नेम असावा कसा? माझे मत स्पष्ट आहे. पडद्यावर दोन खुणा हव्यात: मला कुठे मारायचे आहे आणि नळी आत्ता कुठे आहे. पहिली माझ्या हाताबरोबर तत्काळ हलावी, दुसरी यंत्राच्या वजनाप्रमाणे मागून यावी. मी घाई करून आधीच घोडा दाबला, तर गोळी नळी असेल तिथेच जावी. खेळाने गुपचूप दया दाखवू नये आणि गुपचूप फासेही टाकू नयेत. धावताना नळी हलते, तर ती हलताना दिसली पाहिजे. पाऊल पडते त्या क्षणी खाली, दोन पावलांच्या मध्ये वर, म्हणजे शहाणा खेळाडू पावलांच्या तालावर गोळी सोडायला शिकेल. अदृश्य नशिबापेक्षा दिसणारा झोका केव्हाही बरा. लॉक असावा, पण तो कमवावा लागावा: शत्रूला काही वेळ समोर धरले तर पेटीचे गणित पक्के, तो टेकाडाआड गेला तर पुन्हा श्रीगणेशा.

माउस की काडी, हा वाद मी इथे फार ताणत नाही. माउस जागा सांगतो, काडी वेग सांगते. पोकलेनचे लिव्हरही वेग सांगतात. तेव्हा ज्या काडीला सगळे नावे ठेवतात ती या प्रकारात यंत्राच्या जास्त जवळची आहे. माउसवाल्यांसाठी ती दुसरी, मागून येणारी खूण म्हणूनच अत्यावश्यक.

पहिल्या रांगेतल्या मंडळींना एक सांगायचे राहिले. माझी बोटे आता विशीतल्या पोरांइतकी चालत नाहीत. साध्या बंदुकीच्या खेळात मी पाच मिनिटांत बाद होतो. चौकटीवाल्या जुन्या 'आर्मर्ड कोअर'मध्ये मात्र मी त्याच पोरांना अजून पाणी पाजतो, कारण तिथे कुठे उभे राहायचे आणि कधी वळायचे हे आधी ठरवावे लागते.

सभागृहाच्या मागच्या दारापाशी टेबलावर एक लॅपटॉप ठेवला आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यावर एक छोटा नमुना केला आहे: एक यंत्र, एक लक्ष्य, दोन वर्तुळे. एक वर्तुळ तुमच्या हाताबरोबर जाते, दुसरे त्याच्या मागे. दुसऱ्याने किती मागे राहायचे तो आकडा खाली उजवीकडे आहे, तो बदलता येतो. चहा घेण्याआधी एकदा बसून बघा, आणि तुम्हाला पटलेला आकडा शेजारच्या वहीत लिहून जा. वय लिहिले तर आणखी उपयोग होईल.